तळ्याकाठचा पहिला मणी

आजारातून उठलेल्या माणसाला सल्ला देण्याचा हक्क साऱ्या पुण्याला असतो. मला विषमज्वर झाला होता. ताप उतरला, पण जाताना माझ्या जिभेची चव घेऊन गेला. वरण कोणते आणि औषध कोणते, हे भांडे बघून ओळखायचे. डॉक्टर म्हणाले, "हवापालट करा." बायको म्हणाली, "करा." मी घरात नको झालो होतो, हे उघड होते.

शेजारी दामूशेट राहतात. मंडईत त्यांची फळांची अडत आहे. ते म्हणाले, "बारामतीच्या पुढे तळ्याकाठी आमच्या तात्यांची द्राक्षबाग आहे. पाणी, झाडी, द्राक्षे. महाबळेश्वर झक मारते!" मग आवाज उतरवून म्हणाले, "फाल्गुन लागला, तरी यंदा तात्यांची एक करंडी आलेली नाही. हंगाम सोडला तर आमची गाठ नसते. काय भानगड आहे, तेवढी बघून या." शेटजींची माया अशी कधी रिकाम्या हाताने येत नाही. मीही रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून बायकोने पिशवीत पेढ्यांचा पुडा घातला.

द्राक्षांच्या मुलखात गेलेल्या लोकांनी लिहिलेली प्रवासवर्णने मी वाचली आहेत. दुसऱ्या पानावर त्यांच्या हातात पेला येतो आणि तिसऱ्या पानापासून त्यांना सगळेच सुंदर दिसू लागते. आमच्या राज्यात दारूबंदी. तेव्हा पाण्याच्या तांब्यावर जेवढे सुंदर दिसेल तेवढेच मी लिहिणार आहे.

दौंडला मोठी गाडी सोडून बारामतीच्या लहान गाडीत बसलो. ही गाडी इतकी सावकाश जाते की शेतातल्या माणसाशी सुरू केलेले बोलणे पुरे करता येते. कोळशाचा एक कण माझ्या डोळ्यात गेला आणि बारामतीपर्यंतचा अर्धा देखावा मी एकाच डोळ्याने पाहिला. समोर एक पागोटेवाले गृहस्थ मांडीवर कोंबडी घेऊन बसले होते.

"कुठं निघालासा?" त्यांनी विचारले.

मी तळ्याचे आणि तात्यांचे नाव सांगितले.

"तात्यांकडं व्हय," ते म्हणाले आणि कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मी वाट पाहिली.

बारामतीला उतरलो तेव्हा गावावर गुळाचा वास पसरला होता, असे लोक म्हणत होते. मला फक्त धूर दिसला. कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता, आणि उसाच्या गाड्या रस्ता अडवून निवांत चालल्या होत्या. एका खानावळीत पिठले-भाकरी खाल्ली. मालक सारखा विचारत होता, "तिखट न्हाय ना झालं?" शेजारचा माणूस नाक पुसत होता, त्यावरून तिखट असावे. मी म्हणालो, "छान आहे."

तात्यांचा गडी गेनबा बैलगाडी घेऊन आला होता. इंदापूरच्या रस्त्याने बरेच अंतर गेल्यावर गाडी आडवाटेला वळली. कालव्याचे पाणी संपले तिथे हिरवेपणाही संपला. माळ सुरू झाला, कुसळे आणि दगड. मग एक उंच बांध आला. गाडी त्यावर चढली आणि समोर तळे दिसले.

इंग्रजांच्या अमदानीत दुष्काळी कामावर बांधलेला हा तलाव. मी निळ्या पाण्याची आशा धरून आलो होतो. आभाळ भरलेले होते, त्यामुळे पाणी राखाडी दिसत होते. पलीकडच्या उथळ पाण्यात बगळे एका पायावर उभे होते. काठाला एक इंजिन गंजत पडले होते आणि त्याचा पाइप पाण्यात शिरला होता. इतके मोठे पाणी, पण काठावर धुणे धुणारी एक बाई नाही की पोहणारे एक पोर नाही. मला तिथे उगाच उदास वाटले. तापातून उठलेल्या माणसाचे असेच होते, अशी मी माझी समजूत घातली.

तात्या ओसरीवर बसले होते. साठीचा, उंच, हाडापेराने मोठा माणूस. डोक्याला जुने, विटके मुंडासे. त्यांनी माझी विचारपूस केली, दामूशेटची केली. द्राक्षांचे नाव काढले नाही. त्यांच्या पत्नी सोनाबाई चहा घेऊन आल्या. मी चहा प्यालो आणि शिष्टाचार म्हणून म्हणालो, "फक्कड झालाय." दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग मी ऐटीत पेढ्यांचा पुडा काढून बाईंच्या हाती दिला. "तोंड गोड करा," म्हणालो.

बाईंनी पुडा घेतला, कपाळाला लावला आणि दोरीसुद्धा न सोडता कोनाड्यात ठेवून दिला. तात्या उठून गोठ्याकडे गेले.

"माझे काही चुकले का?" मी गेनबाला विचारले.

"तुमचं काय चुकायचं, रावसाहेब. तुमाला ठावं न्हाय." गेनबाने मला बागेच्या वाटेवर नेले आणि सांगितले. "दसरा झाला आन् त्या इंजनाच्या पायपाचं तोंड गाळात रुतलं. तात्यांचा नामदेव मोकळं कराया उतरला. पवणारा गडी, पर गाळानं धरला. वर आला त्यो आमी काढला तवा. एकुलता पोरगा."

काठाला गंजत पडलेले ते इंजिन मला आठवले.

"तेराव्याला त्याचा सासरा आला, निरवांगीचा ज्ञानूआबा. लेकीला घिऊन गेला. म्हनला, तुमच्या बागंपायी माजी पोर उघडी पडली, आता ह्या उंबऱ्यात पाय ठिवणार न्हाय. आन् दुखवटा काढायचा त्येनं."

दुखवटा काढणे म्हणजे काय, हे पुण्यातल्या वाचकांना सांगायला हवे. घरात मृत्यू झाला की घर गोड खात नाही. मग सोयरा येतो, घरधन्याला नवे पागोटे बांधतो आणि स्वतःच्या हाताने गोड घास भरवतो. तेव्हा घर पुन्हा चालू लागते. तात्यांचा मेहुणा पागोटे घेऊन आला होता. तात्यांनी त्याला हात जोडले. म्हणाले, "माजा पोरगा गेला तसा त्याचा बी जावाय गेला. त्यो आल्याबिगर मी गोड खाणार न्हाय." तेव्हापासून त्या घरात गूळ आलेला नव्हता. मी फक्कड म्हणून वाखाणलेला चहा बिनगुळाचा होता.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाग मात्र बघावी अशी होती. पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेले वेल ओळीने उभे होते. काही खुंटांना लाल फुले आली होती. प्रत्येक वेलाला घड लोंबत होते, पिवळसर, टपोरे, आतले बी दिसेल इतके नितळ. बांधाला रिकाम्या करंड्यांची उतरंड होती आणि करंड्यांत घालायचा पाला वाळून चुरा झाला होता.

"तोडत का नाही?" मी विचारले.

"पयला मणी मालकाच्या तोंडात," गेनबा म्हणाला. "तात्यांच्या वडलांपसनं हाय ते. मालक चाखतो, 'झाली' म्हनतो, मग कातरी लागती. आन् मालकाचं तोंड तर मिटलेलं." त्याने आभाळाकडे पाहिले. "पाऊस आला तर मणी फुटतील सारं. पिकल्या मण्याला पानी सोसत न्हाय."

मला राग आला. घरात दुःख आहे हे कबूल. पण वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत टांगणीला लागली आहे, आणि कुणी एक मणी तोंडात टाकत नाही? संध्याकाळी तात्यांबरोबर पुन्हा बागेत गेलो तेव्हा मी हे जरा गोड शब्दांत बोलून दाखवले. तात्यांना राग आला नाही. ते एका वेलापाशी थांबले, एक घड तळहातावर तोलला आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमी ना घरचं ना सोयऱ्यातलं. तुमीच चाखा. तुमी झाली म्हनलासा तर उद्या कातरी लावतो."

एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर आजवर कुणी टाकली नव्हती. मी एक मणी तोडून तोंडात घातला. चावला. पाणी सुटले, बस. गोड की आंबट, काही कळेना. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. तात्या माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. खोटे बोलावेसे फार वाटले. पण त्या नजरेसमोर धीर झाला नाही.

"तात्या, तापाने माझी चव गेली आहे. मला काहीच कळत नाही."

तात्या हसले. आल्यापासून पहिल्यांदाच. "म्हंजी आपुन दोघं सारकंच," म्हणाले, आणि घड हळूच होता तसा सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी मी इंदापूरला निघालो. खरे सांगायचे तर मला तिथून पळायचे होते. गाडी जुंपली जात असताना सोनाबाई मागच्या दाराने आल्या. त्यांच्या पदराखाली माझाच पेढ्यांचा पुडा होता, दोरी न सोडलेला.

"निरवांगीवरनं जातासा का? वाट वाकडी हुईल, पर जा. ह्यो पुडा इवायांना द्या. म्हनावं, ह्यातला येक ह्यांच्या तोंडात घालाया या. ह्यांना सांगू नगा."

"आणि ते नाही आले तर?"

"तर न्हाय आलं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मात्र आभाळाकडे होते.

निरवांगी नीरेच्या काठी आहे. गेनबाने गाडी एका वांग्याच्या मळ्यापाशी उभी केली. ज्ञानूआबा एकेका वाफ्याचे तोंड उघडून पाणी देत होते. ठेंगणे, जाड भुवयांचे, तात्यांहून थोडे लहान. मी कुठून आलो हे कळताच त्यांनी फावडे जमिनीत रोवले. तरी पाहुणा म्हणून घरी नेले, घोंगडे अंथरले. त्यांची मुलगी हौसा चहा ठेवून दाराआड उभी राहिली. पांढऱ्या कपाळाची, फार तर विशीची मुलगी. चहा कडू लागला. मी दचकलो. माझ्या जिभेला काहीतरी कळले होते, आणि जे कळले ते हे, की गूळ या घरातही नव्हता.

मी पुडा पुढे ठेवून निरोप सांगितला. आबा पुड्याकडे बघत राहिले.

"त्यांच्या तोंडात मी घालायचा," ते म्हणाले. "आन् माज्या तोंडात वो? माजं कोन मेलं न्हाय व्हय? जावाय न्हवता त्यो, ल्योक हुता मला. त्याला पान्यात उतरवताना कुनी इचारलं मला?"

"तात्याही तेच म्हणतात," मी म्हणालो. "तुमचाही जावई गेला, म्हणून तुमच्याच हाताने घास घेणार."

आबांनी मान वर केली. हे त्यांना ठाऊक नव्हते, असे मला वाटले. पण पुन्हा भुवया खाली आल्या. "न्हाय जमायचं."

दाराआडून हौसा बोलली, "मामंजींनी मणी चाखला का?"

"नाही."

"आभाळ आलंय की वो."

"आत जा तू," आबा म्हणाले. ती आत गेली नाही.

मला पुन्हा राग आला. मी उठलो. "आबा, तिकडे एक जण तोंड मिटून बसला आहे, इकडे दुसरा. तुमचे काय ते तुम्ही बघा. पण पाऊस काही दोघांसाठी थांबायचा नाही." पुडा तिथेच घोंगड्यावर ठेवून मी निघालो. पाहुण्याने असे बोलू नये, हे मला कळते. पण बोललो.

गेनबाने मला डांबरी रस्त्यावर एस.टी.त बसवून दिले. इंदापूर जुने गाव आहे. पडकी गढी आहे, तिच्यावर चढून मी चहूकडे पाहिले. उन्हात कदाचित चांगले दिसत असेल. मला माळ, माळावर ढग आणि ढगांखाली तळ्याची दिशा एवढेच दिसले. गढीवरून उतरतो न उतरतो तोच वारा सुटला. मग थेंब, मग गारा. मी एका दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहिलो. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की शेजारचा माणूस ओरडून बोलत होता तरी ऐकू येत नव्हते. रस्त्यावर पोरे गारा वेचून खात होती. त्यांना कोण आनंद! माझ्या डोळ्यांपुढे ते नितळ मणी येत होते. मी स्वतःलाच विचारले, "तुला काय करायचे आहे?" पण मनाला लागायचे ते लागत होतेच.

छत्री तात्यांच्या ओसरीवर विसरलो होतो. साऱ्या प्रवासात तिची गरज पडली ती नेमकी तेव्हाच. भिजलो, कणकण आली, ओढ्यांना पाणी आल्याने एस.टी. बंद झाली, आणि मी खानावळीच्या माडीवर कांबळे पांघरून पडून राहिलो. गाड्या सुरू झाल्या तेव्हा ऊन पडले होते. मी तळ्याच्या फाट्यावर उतरलो. छत्री आणायला, असे मी कंडक्टरला सांगितले.

बांधावर चढलो तेव्हा तळे प्रथमच निळे दिसले. आणि वास आला. मला वास येत होता! आंबूस, गोडसर, डोक्यात जाणारा. जिथे दारूच्या थेंबाला बंदी, तिथे सगळी बागच्या बाग आंबत होती. घड अजून वेलांवरच होते, पण मणी फुटले होते. रस खाली ठिबकत होता आणि गांधीलमाश्यांचे मोहोळ उठले होते. पांगाऱ्याची लाल फुले चिखलात पडली होती. मी तिथे उभा राहून रडलो. बाग माझी नव्हती, माणसे माझी नव्हती, तरी रडलो.

घराच्या ओसरीवर दोन म्हातारे बसले होते. तात्यांच्या डोक्याला नवेकोरे पागोटे होते. शेजारी ज्ञानूआबा. आत हौसा सासूच्या केसांना तेल लावत होती. कोनाड्यात माझा पुडा होता, या खेपेला दोरी सुटलेला.

गेनबाने मला खुणेने बाजूला घेतले. "तुमी एस.टी.त बसलासा आन् मी माघारी निघालो, तर आबा लेकीला घिऊन वाटंवर हुबं. म्हनलं, गाडी वळीव. उंबऱ्यात आलो आन् पैली गार पडली. आबा भिजल्या अंगानं पागुटं बांधत हुतं. तात्यांनी घास गिळला तवा भाईर दिसत न्हवतं इतक्या गारा."

"म्हणजे थोडक्यात वेळ हुकली—"

"थोडक्यात," गेनबा म्हणाला.

मी छत्री हातात घेऊन उभा राहिलो. तात्याच म्हणाले, "चला पाव्हणं. बागंत जाऊन येऊ. पावसापसनं म्या पाय ठिवला न्हाय." ते उठले. आबाही उठले, त्यांच्या मागून निघाले. हौसा उंबऱ्यापाशी आली आणि तीही चालू लागली.

त्या संध्याकाळी ज्या वेलापाशी थांबले होते त्याच वेलापाशी तात्या थांबले. तोच घड असावा. त्यातला एक फुटका मणी त्यांनी तोडला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि तोंडात घातला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी डोळे मिटले. जबडा हळूहळू हलला.

"झाली," ते म्हणाले. मग डोळे उघडून म्हणाले, "कवाच झाली हुती."

ज्ञानूआबांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलू लागले. "माज्यामुळं, तात्या. म्या आदी आलो असतो तर..."

तात्यांनी त्यांना पुढे बोलू दिले नाही. त्यांनी घड उलटासुलटा करून बघितला. आतल्या अंगाला, पानाखाली, एक मणी न फुटता राहिला होता. तो त्यांनी तोडला.

"आबा, तोंड उघडा," तात्या म्हणाले. "तुमाला भरवायचं ऱ्हायलंच हुतं."

आबांनी लहान पोरासारखे तोंड उघडले. तात्यांनी मणी आत ठेवला आणि हात तसाच त्यांच्या गालावर राहू दिला. सारी बाग पाझरत होती, आणि दोन म्हातारे त्या चिखलात एकमेकांना धरून उभे होते. हौसा पुढे गेली आणि फुटलेले घड एकेक करून हाताने खुडू लागली. तिला कुणी सांगितले नव्हते. थोड्या वेळाने गेनबा कातरी घेऊन आला.

निघताना हौसाने मला एक करंडी दिली, त्यातल्या त्यात बरे घड पाल्यात गुंडाळून. दौंडच्या फलाटावर एका पोलिसाने मला हटकले. "काय हाय त्यात? दारूचा वास येतोय." मी पाला बाजूला केला. तो वाकून बघत राहिला. कुठल्यातरी खेड्यातलाच असणार. "अवकाळीची हायत व्हय," एवढेच म्हणाला आणि पाला होता तसा नीट झाकून निघून गेला.

घरी पोचलो तर दामूशेट दारातच. "हवापालट झाला का? आणि माल? माल कसा आहे?"

सगळे सांगायला हवे होते. पण मी करंडीत हात घातला, शोधून एक धड मणी काढला आणि म्हणालो, "शेट, तोंड उघडा." आजन्म दुसऱ्याच्या मालाला नावे ठेवून भाव पाडणारा तो माणूस बावचळला, पण त्याने तोंड उघडले. मी मणी भरवला. शेट चावत राहिले. काही वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"अहो," ते हळूच म्हणाले, "असा माल माझ्या अडतीत कधी आला नाही."

मी दुसरा मणी माझ्या तोंडात टाकला. गोड होता.